घर दाखवताना दारातल्या चपला मोजा

आमच्या ह्यांना गुडघ्यामुळं जिना चढवत नाही. म्हणून लातूरचं घर विकायला काढलं तेव्हा त्यांना एकच काम दिलं होतं. ओसरीत खुर्ची टाकून बसायचं आणि घर बघायला आलेल्यांच्या चपलांचे जोड मोजायचे. दारात पाच जोड आहेत आणि माझ्यामागं किचनमध्ये चारच माणसं, तर पाचवं कुठं? लगेच बाहेरून आवाज यायचा, "अगं, एक पाव्हणं हॉलमध्येच राहिलं वाटतं, त्यांनाही किचन दाखव की." पाव्हण्यांना वाटायचं, काय अगत्य आहे माणसाला!

ही अक्कल पहिल्या महिन्यात नव्हती. एका रविवारी दोन पार्ट्या एकाच वेळी आल्या, एक एजंटबरोबर, एक परस्पर. कुणीतरी म्हणालं, गच्ची बघू. गच्चीची किल्ली सापडेना. फ्रिजवर बघितलं, मसाल्याच्या डब्यांमागं बघितलं, ह्यांच्या शर्टाच्या खिशात बघितलं, चांगली दहा मिनिटं गेली. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देवघरातलं चांदीचं निरांजन जागेवर नाही. त्या लोकांनीच नेलं असं मी म्हणणार नाही. माझी मेस होती, डबे न्यायला पोरं येत-जात होतीच. पण एवढं मात्र कळलं की आपण जिथं शोधाशोध करत बसतो तिथं आलेला माणूस घरात एकटा सुटतो, आणि तिथंच तो कंटाळतोही. त्या दिवशी किल्ली हाताशी असती तर निरांजन कदाचित राहिलं असतं आणि त्या पार्टीनं गच्चीही बघितली असती. दोन्ही पार्ट्या गच्ची न बघताच गेल्या.

पुढं सहा महिन्यांत वहीतल्या नोंदीप्रमाणं ३१ पार्ट्यांनी घर बघितलं. काय काय करत गेले ते सांगते. तुमचं घर फ्लॅट असेल, वाडा असेल, थोडं इकडंतिकडं करून घ्या.

किल्ल्या आणि वाट

गंजगोलाईतून तीन नवी कुलपं आणली, जुन्यांना तेल सोडलं. तुपाच्या डब्याच्या प्लास्टिक झाकणाचे गोल तुकडे कापले, भोकं पाडली आणि प्रत्येक किल्लीला एक बांधला. त्यावर 'गच्ची', 'मागचं दार' असं काही लिहिलं नाही, नुसते आकडे टाकले. जुडगा कुठं पडलाच तर उचलणाऱ्याला कोणती किल्ली कुठली हे कळायला नको. आणि आकडे टाकले ते घर ज्या क्रमानं दाखवायचं त्या क्रमानं. एक म्हणजे गेट, दोन हॉल, तीन मागचं दार, चार बोअरच्या स्टार्टरची पेटी, पाच जिना, असं करत नऊ म्हणजे गच्ची. जुडगा कमरेला. एजंटला किल्ली दिली नाही. त्यांनी मागितली, गोड बोलून मागितली. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही कधीही या, दार मी उघडीन.

वाट ठरलेली असली की निम्मं काम होतं. आम्ही हॉल, किचन, मागचं अंगण, बोअर, जिना, वरच्या खोल्या, गच्ची असं नेत होतो आणि परत हॉलमध्ये आणून चहा. जिन्यावर आणि खोलीत शिरताना पाहुणा पुढं, आपण मागं. आपल्याकडं यजमानानं पुढं चालायची रीत आहे, पण पुढं चाललं की मागचं दिसत नाही. "चला, बघा निवांत" म्हणून हात दाखवला की लोक आपसूक पुढं होतात.

एक खोली मी कुलूप लावून ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी, स्वतः उभी राहून उघडायचे. पाकिटं, ह्यांच्या गोळ्या, नातवाचा लॅपटॉप, मोबाईलचे चार्जर, सगळं सकाळीच त्या खोलीतल्या कपाटात. गोळ्यांचं हसू नका, कोणत्या गोळ्या खाता यावरून घरात कोण किती आजारी आहे ते कळतं आणि भाव पाडायला लोक तेही वापरतात. सोनं आणि चांदी तर जाहिरात देण्याआधीच बँकेच्या लॉकरमध्ये गेली पाहिजे. देवघरात मी पितळी समई ठेवली. देवाला पितळ चालतं.

घरात दोन माणसं असल्याशिवाय दार उघडायचं नाही. हे दवाखान्यात गेले असले तर शेजारच्या वहिनी मटाराच्या शेंगा घेऊन आमच्या हॉलमध्ये येऊन बसायच्या. बघणाऱ्यांना त्या नणंद वाटायच्या, मीही काही खुलासा करत नसे. एका वेळी एकच पार्टी, दोन पार्ट्यांमध्ये पाऊण तास. सकाळी नऊ ते अकरा किंवा संध्याकाळी पाच ते साडेसहा. दिवेलागणीनंतर कुणी "इथनंच चाललो होतो" म्हणून गेटवर उभा राहिला तर त्याला उद्याची वेळ द्यायची. खरं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतंच.

फोनवरच निम्मी पारख

मराठवाड्यात एक सोय आहे. फोनवर अनोळखी माणसाला "कोणत्या गावचे? कुणापैकी?" विचारलं तर कुणाला राग येत नाही. उलट न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तर विचारा. अहमदपूरचे म्हणाले तर अहमदपूरला आपलं कुणीतरी असतंच, दोन फोनमध्ये पै-पाहुणा निघतो. किती जण येणार, कशानं येणार, कर्ज काढणार का, सध्या कुठं राहता, एवढं वहीत लिहून घ्यायचं. आल्यावर गाडीचा नंबरही ह्यांनी लिहायचा. फोनवर घराचा पत्ता द्यायचा नाही, नुसता भाग सांगायचा, औसा रोड. लोकेशन पाठवायचं ते ठरलेल्या दिवशी, ते निघाले की.

फोटोंचं असंच. मुलानं पुण्याहून हौसेनं जाहिरात टाकली, त्यात नावाची पाटी, घर नंबर, नातवाचा फोटो आणि कपाटातली तिजोरी, सगळं दिसत होतं. मी काढायला लावली. खोल्या रिकाम्या दिसतील असे फोटो काढा. मागच्या दाराची कडी, ग्रिल, कॅमेरा कुठं आहे ते फोटोत येऊ देऊ नका. गेटवर पाटी लावायची तर 'विकणे आहे' आणि एक नंबर, बस्स. 'मालक बाहेरगावी' असं लिहिलेली पाटी मी आमच्याच गल्लीत बघितली आहे. चोराला याहून वेगळं निमंत्रण काय द्यायचं?

आणि एक प्रकार माझ्याबरोबर दोनदा झाला. फोनवर माणूस म्हणतो, मी फौजी आहे, बदली होऊन येतोय, घर बघायची गरज नाही, फोटो आवडले, आत्ताच बयाणा पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. असं कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. आणि घर न बघता घर घेणारं माणूस मी तरी लातुरात बघितलं नाही.

पाणी

आमच्याकडं आलेला माणूस हॉल बघत नाही, किचन बघत नाही. चपला काढतानाच विचारतो, "काकू, बोअर किती फुटाला लागलाय वो?" विचारणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. मांजरा धरणात किती साठा आहे हे इथं पोरासोरांना तोंडपाठ असतं. त्यामुळं लातुरात घर दाखवायचं म्हणजे आधी पाणी दाखवायचं.

बरेच जण पार्टी यायच्या आधी टाक्या भरून ठेवतात आणि नळ सोडून दाखवतात. त्याला कोण फसतं? मी दोन गोष्टी केल्या. किचनमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाला पाणी आलं त्या प्रत्येक तारखेभोवती मी वर्षानुवर्षं पेन्सिलीनं गोल करत आले आहे, कारण पन्नास पोरांचा स्वयंपाक होता. तीन वर्षांची कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली. लोक पानं उलटून गोल मोजायचे, मधले दिवस मोजायचे. आमचं पाणी काही रोज येत नव्हतं, ते त्यात स्पष्ट दिसत होतं. पण त्या मळक्या, फोडणीचे डाग पडलेल्या कॅलेंडरांवर लोकांचा जेवढा विश्वास बसला तेवढा माझ्या बोलण्यावर कधी बसला नसता.

दुसरी गोष्ट बादलीची. बोअरची मोटर आधी चालवून ठेवायची नाही, त्यांच्यासमोर सुरू करायची. पहिलं मिनिटभर पाणी वाहू द्यायचं, मग २० लिटरची बादली पाइपाखाली धरायची आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. आमची पावसाळा संपल्यावर २५ सेकंदांत भरायची, मे महिन्यात ५५ लागायचे. दोन्ही आकडे मी सांगत होते. निलंग्याकडचे एक गुरुजी तर आपल्या हातानं बादली धरून बसले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. पुन्हा आले तेव्हा स्वतःची बादली घेऊन आले! घर त्यांनी घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

हौदाकडं लक्ष द्या. लातुरात घरटी जमिनीखाली हौद आहे आणि बहुतेकांची झाकणं गंजलेली. एका पार्टीचं चार वर्षांचं लेकरू आमच्या झाकणावर उड्या मारायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याच दिवशी जाड पत्र्याचं नवं झाकण करून घेतलं, कडी-कोयंड्याचं, त्याला कुलूप. चुलत दिरांच्या घरी गच्चीला कठडाच नव्हता, त्यांनी दाखवायच्या आधी बांबू बांधून घेतले. लोक लेकरं घेऊन येतात. मोठी माणसं बोअर बघत असतात तेव्हा लेकरं घर बघत फिरतात, हे धरूनच चाला. कुत्रं असेल तर बांधा, आणि "चावत नाही" म्हणू नका.

तडे लपवू नका

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरका तडा होता. काळ्या मातीत हे होतं. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हलकी भिंत फाटते. मिस्त्री म्हणाला, पुट्टी मारून देतो, पाचशे रुपये. मी नको म्हटलं. जुन्या रंगावर नव्या पुट्टीचा पट्टा म्हणजे 'इथं बघा' म्हणून केलेली खूणच. रंग द्यायचा तर अख्ख्या भिंतीला द्या, नाहीतर हात लावू नका.

तड्याचा प्रश्न आमच्याकडं भिंतीपुरता राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी बघितली त्या पिढीतला माणूस तडा बघितला की आधी विचारतो, घर भूकंपाच्या आधीचं का नंतरचं? आमचं १९९८ चं, कॉलम-बीमचं. हे नुसतं तोंडानं सांगायचे तेव्हा लोक मान डोलवायचे. मग बांधकाम परवाना आणि नकाशाची झेरॉक्स काढून ठेवली, आणि बांधकामावेळचा एक फोटो सापडला, त्यात सळया उभ्या आणि सासूबाई पाणी मारतायत. तो फोटो कागदांपेक्षा जास्त चालला.

साफसफाईचं थोडक्यात सांगते, ते सगळ्यांना कळतं. माझं किचन मेसचं, फरशांवर तेलाचा थर. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तीन दिवस घासलं. पार्टी यायच्या दिवशी सकाळी फोडणी नाही, सुकटाचा तर विचारच नको. एप्रिल-मेमध्ये खिडकीत बसवलेले कूलर अंधार करतात, प्रत्येक खोलीत एक तरी खिडकी मोकळी ठेवा. सगळे दिवे लागतात का ते आदल्या रात्री बघा. माळ्यावरचं सामान निम्मं काढा.

वर भाडेकरू असतील तर

वरच्या तीन खोल्यांत ट्युशन एरियातली सहा पोरं राहत होती. त्यांना मी आधी बसवून सांगितलं की घर विकायला काढलंय, तुमची परीक्षा होईपर्यंत कुणी तुम्हाला उठवणार नाही. हे आधी न सांगता लोकांना थेट वर नेलं असतं तर पोरांनी तोंड वाकडं केलं असतं, आणि भाडेकरूचं वाकडं तोंड बघून गिऱ्हाईक पळतं. पार्टी येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांना कळवायचं. मोबाईल, लॅपटॉप, पैसे कपाटात ठेवून कुलूप लावायचं. प्रत्येक खोलीत एक पोरगा हजर हवा. नसला तर ती खोली त्या दिवशी दाखवायची नाही, दुसरी तशीच आहे म्हणून सांगायचं. त्यांच्या वस्तूची जबाबदारी आपल्यावर येते, हे विसरू नका. भाडेकरार आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत फाइलला लावून ठेवली, कारण "हे कधी निघणार?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

कागद दाखवा, देऊ नका

फाइल एक. तिच्यात खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), एनएचा म्हणजे बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, घरपट्टी, नळपट्टी, लाईट बिल, आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. सगळ्या झेरॉक्स. प्रत्येक पानावर तिरकं 'फक्त पाहण्यासाठी' आणि तारीख, मी हातानं लिहिलं. मूळ कागद लॉकरमध्ये. पहिल्या भेटीत फाइल चाळायला द्यायची, फोटो काढू द्यायचा नाही. "वकिलाला दाखवायचेत" म्हणाले तर किंमतीचं बोलणं होऊ द्या, मग वकिलाचं नाव घेऊन त्यांच्याकडं झेरॉक्स आपण नेऊन द्यायची. आधारचं काम पडलं तर शेवटचे चारच आकडे दिसतात ते झाकलेलं आधार काढा, ते ऑनलाइन मिळतं. तुमची सही, आधार आणि खरेदीखत एकत्र कुणाच्या मोबाईलमध्ये गेलं की त्याचं पुढं काय होतं हे आपल्या हातात राहत नाही.

बघायला आलेल्याकडून पैसे घेऊ नका, घर कितीही आवडलं म्हणाला तरी. एकानं आमच्या टेबलावर पन्नास हजारांची गड्डी ठेवली, "बयाणा समजा, दुसऱ्याला दाखवू नका." ह्यांचा हात पुढं गेला होता. मी चहाचा कप मध्ये ठेवला. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. इसार चेकनं नाहीतर बँकेतून, आणि इसारपावती लिहून, साक्षीदारांसमोर.

बंद घराचं

नणंदेचं परभणीचं घर दोन वर्षं बंद होतं, ती मुलाकडं. तिथं मीच दाखवायला जायचे, म्हणून अनुभव आहे. किल्ली एकाच माणसाकडं असू द्या, आणि तो गल्लीतलाच असू द्या. गॅसची टाकी काढून टाका, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, मेन स्विच बंद करा आणि दाखवायच्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन सगळं सुरू करा, खिडक्या उघडा. बंद घराचा वास पहिल्या श्वासात कळतो. पार्टी गेल्यावर उलट क्रमानं बंद करत या, न्हाणीघराच्या खिडकीची कडी हातानं ओढून बघा. आम्ही एकदा ती बघायची विसरलो. कुणीतरी बघता बघता आतून काढून ठेवली होती की आमच्याकडूनच राहिली, देव जाणे. गल्लीतल्या माणसानं रात्री फट बघून फोन केला म्हणून बरं. तेव्हापासून एका कागदावर सगळ्या खिडक्या-दारं लिहून ठेवली, आणि निघताना बरोबरच्या माणसानं वाचायचं, मी हात लावून "हो" म्हणायचं.

आमचं घर शेवटी उदगीरकडच्या एका कुटुंबानं घेतलं, पोरीच्या नीटच्या तयारीसाठी. तीनदा आले. शेवटच्या वेळी मीच त्यांना मे महिन्यातल्या भर दुपारी बोलावलं, वरच्या खोल्या किती तापतात ते कळू दे म्हणून. रजिस्ट्रीनंतर किल्ल्या देताना एका कागदावर आकड्यांपुढं दारांची नावं लिहिली, दोघांच्या सह्या केल्या. नऊ किल्ल्या, तीन कुलपांच्या जोडकिल्ल्या, हौदाची एक. त्या बाईंनी सगळ्या मोजून घेतल्या आणि विचारलं, "गच्चीची दुसरी कुठाय?" ती मला आजपर्यंत सापडलेली नाही.